विडी त्याची, धाप माझी

मी आयुष्यात एकदाही विडी ओढलेली नाही, हे विधान या लेखाच्या आरंभीच, शपथेवर करावे तसे करीत आहे. नाकात प्राणवायूची नळी घालून मी शहापूरच्या बाजारपेठेतून चाललो, की समोरून येणारा एखादा परिचित आधी नळीकडे पाहतो, मग माझ्याकडे, आणि समजूतदारपणे मान हलवून म्हणतो, “विडी वाईटच हो, भाऊ.” त्याच्या मते ही सहानुभूती असते. माझ्या मते ती बदनामी आहे, आणि दोघातिघांना मी तसे लेखी कळविलेलेही आहे.

विडी ओढतो तो माझा धाकटा भाऊ दामोदर. मिसरूड फुटल्यापासून ओढतो. आम्ही एकाच घरात, एकाच चुलीच्या धुरात वाढलो. मी शिकलो आणि दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून नोकरीचा काळ घालवून निवृत्त झालो. तो आमच्या भातशेतीवर राहिला. आज तो भाताचे पोते पाठीवर घेऊन माळ्यावर चढतो आणि वर पोचल्यावर गाणे गुणगुणतो. मला अंघोळीनंतर अंग पुसता पुसता खाली बसावे लागते.

या आजारांविषयी लिहिणारे पुष्कळ जण धैर्याविषयी आणि आशेविषयी लिहितात. ते मी नाकारीत नाही. परंतु मला या आजारात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जे झाले, तो हेवा होता. त्याची पूर्वसूचना मला कोणी दिली नव्हती. म्हणून ती मी इतरांना देत आहे.

निर्णय, कारणांविना

सुरुवात कोरड्या खोकल्याने झाली. पुढे आटगाव स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावे लागू लागले. लोकांना वाटे, मी कोणाची तरी वाट पाहतो आहे. मीही तसाच चेहरा करीत असे. अखेर कल्याणच्या एका मोठ्या रुग्णालयात छातीचे चित्र काढले गेले आणि दामू मला घेऊन तेथील डॉक्टरीणबाईंपुढे बसला. बाई वयाने माझ्या मुलीसारख्या होत्या.

“काका, विडी? तंबाखू?”

“नाही.”

“कधीच नाही?”

“बाई, नाही म्हणजे नाही. लेखी देऊ का?”

मागून दामू हसला. “मी वढतो, मॅडम. त्यानं कधी तोंडाला नाय लावली. मी वढताना दिसलो तरी वरडतो.”

बाईंनी आधी माझ्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला होता. आता दामूने न सांगता स्वतःचे बोट पुढे केले, जत्रेत वजनकाट्यावर उभे राहावे तितक्या सहजपणे. त्याचा आकडा अगदी निरोगी माणसाचा आला. “बोट चांगलं दाखवतं म्हणून विडी चांगली ठरत नाही,” असे बाईंनी त्याला बजावले. तो “बघतो” म्हणाला. माझे लक्ष त्या आकड्यावरून हलेना. भावाच्या हातात आपली वस्तू दिसावी आणि ती मागता येऊ नये, तसे मला वाटले.

मग मला रुग्णालयाच्या लांब बोळातून ठरावीक वेळ चालविले. दामू शेजारून चालत होता आणि बोलत होता. मला चालणे आणि बोलणे एकदम जमत नव्हते. परत आल्यावर बाईंनी समजावून सांगितले. ओले घोसाळे दाबले तर दबते आणि पुन्हा फुगते. तेच वेलावर वाळले की आत नुसते कडक जाळे उरते. माझी फुप्फुसे अशी हळूहळू कडक होत होती. औषधांनी वेग कमी करता येईल. झालेले परत येणार नाही.

“कारण काय?” मी विचारले.

“खूपदा कारण सापडत नाही, काका.”

कारणे न देता दिलेला निर्णय वरच्या न्यायालयात टिकत नाही, हे मी नोकरीभर पाहत आलो होतो. हा टिकला.

त्या दिवशी परतताना दामूने वाटेत शहाळे घेऊन दिले, ते मी घेतले नाही. शहाळ्यावर माझा कोणताच आक्षेप नव्हता.

शेजारची खाट

पुढच्या पावसाळ्यात छातीत जंतूंचा प्रादुर्भाव झाला आणि त्याच रुग्णालयात मला भरती व्हावे लागले. वॉर्डातील दिवस ठरलेल्या क्रमाने जातो: सकाळी वाफेचा मुखवटा, मग पातळ चहा, मग फेरी, आणि नंतर वाट पाहणे. कशाची वाट, ते कोणी सांगत नाही. भीती मात्र अशी वेळेवर येत नाही. घोटभर पाणी पिताना ती येते, कारण पिण्यासाठी श्वास थांबवावा लागतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक मनुष्य होता. जागा नव्हती म्हणून त्याला आमच्यात ठेवले होते. तो दुपारी जेवून उताणा झोपत असे आणि घोरत असे. मी पाठीशी तीन उशा घेऊन बसलेलो असे आणि त्याच्या घोरण्याकडे पाहत असे. होय, पाहतच असे. घोरणे ही केवढी चैन आहे! त्याच्याविरुद्ध तक्रारअर्ज करण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला. मजकूरही जुळला होता. मी कागद मागताच परिचारिकेने विचारले, “बाबा, कशाला हवाय?” मी कारण सांगितले. ती म्हणाली, “त्यापेक्षा हा घ्या,” आणि एक लहानसा पंखा माझ्या तोंडासमोर लावून गेली. गार वारा गालांवर आणि नाकावर येताच छातीतील घबराट निम्मी उतरली. हा उपाय इतका साधा आहे, की माझ्या नातेवाइकांपैकी एकानेही तो सुचविला नव्हता. ज्यांना धाप लागते त्यांनी तो अवश्य करून पाहावा. ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास सावकाश सोडण्यासही मी तेथेच शिकलो.

दामू रोज डबा घेऊन येई. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. सगळा वॉर्ड माना वर करी. त्याला सर्वांची नावे ठाऊक झाली. घोरणारा गृहस्थ एकदा मला म्हणाला, “तुमचा भाऊ लाखात एक हो. तुम्ही एवढे चिडता कशापायी त्याच्यावर?”

म्हणजे आता शेजारची खाटही त्याच्या पक्षाला जाऊन मिळाली होती.

घरी

घरी प्राणवायूचे यंत्र आले. ते विजेवर चालते आणि आमच्या भागात वीज लहरीवर चालते. वीज कार्यालयास मी पत्रे लिहिली. उत्तरे आली नाहीत. मी स्मरणपत्रे लिहिली. यंत्राची लांब नळी घरभर माझ्यामागे फिरे, आणि माझी पत्नी मालती ती ओलांडत स्वयंपाक, औषधे, पाहुणे हे सर्व करी. तिची कंबर दुखत असे. मला ते दिसत नसे, कारण मी खिडकीतून बाहेर पाहत असे. खिडकीतून दामू दिसे.

एका सकाळी तो विहिरीपाशी विडी पेटवून उभा होता. मी आतून ओरडलो, “तुझा धूर इथवर येतोय! दुसऱ्याला इजा पोचवायचा तुला अधिकार नाही!”

त्याने विडी चुरगाळली आणि तो शेताकडे गेला.

मालती तांदूळ निवडत होती. “वारा इकडून तिकडं आहे, अहो.”

“म्हणजे?”

“म्हणजे धूर येत नाय. तुमाला त्याचा दम बघवत नाय, तेवढं सांगा.”

मी खिडकी लावून घेतली. उत्तराला श्वास लागतो. शिवाय तिचे म्हणणे खरे होते.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, दूरध्वनी आला. ती मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढील एका गावी दिलेली आहे. तिच्या मुलीचे, प्रणालीचे, लग्न ठरले होते. आमच्याकडे मामा नवरीला मंडपात आणतो. भटजी ध्वनिक्षेपकावरून पुकारा करतात, मामा मुलीचा हात धरून तिला अंतरपाटापर्यंत नेतो आणि मंगलाष्टके होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. दोन मामा असतील तर हा मान थोरल्याचा.

“दादा, तुला जमंल का?” सुमनने विचारले. “नायतर काळजी नको करू. दामूदादा हायेच.”

दामूदादा हायेच! माझे पोते उचलायला दामू, डबा आणायला दामू, वॉर्डाला आवडायला दामू. आणि आता माझ्या भाचीचा हात धरायलाही दामूच. मी म्हणालो, “मी येणार. आणि मुलीला मंडपात मीच आणणार. हे सर्वांना कळव.”

प्रवासाची तयारी

श्वासाच्या रुग्णाने प्रवास करू नये, असे सांगणारे फुकट सल्लागार भरपूर भेटतात. माझ्या डॉक्टरीणबाई तसे म्हणाल्या नाहीत. “जा,” त्या म्हणाल्या, “पण नीट जा.” चालताना प्राणवायू किती लागेल ते त्यांनी तपासून ठरवून दिले. प्रवासासाठी खांद्याला अडकविण्याचे लहान यंत्र आम्ही भाड्याने घेतले; पुढे ते कायमचेच ठेवले. त्याची जादा बॅटरी, भरलेली. गाडीत बसून भारित करण्याची तार. औषधे आणि बोटाचा चिमटा वेगळ्या पिशवीत न ठेवता अंगाजवळ. निघण्यापूर्वी थोडेच खाणे. सकाळी, ऊन चढण्याच्या आत निघणे. आणि जेथे जायचे तेथील जवळच्या दवाखान्याची चौकशी आधीच करून ठेवणे. शेवटी त्यांनी दामूकडे बोट रोखून सांगितले, “यंत्र सुरू असताना जवळ विस्तव नको. विडी नको, चूल नको, उदबत्तीसुद्धा नको. नळी पेट घेऊ शकते.” दामूने कान पकडले.

एक संकट मात्र बाईंना ठाऊक नव्हते. लग्नसराईच्या दिवसांतच आमच्याकडे राब भाजतात. भाताची रोपे जेथे पेरायची ती जागा शेण, पाला आणि फांद्या पसरून जाळायची. गावोगाव शेतांतून धूर उठतो. मी सुमनच्या गावच्या सरपंचांस सविस्तर पत्र लिहिले. त्यात माझी प्रकृती, निरोगी हवेवरील नागरिकाचा हक्क आणि लग्नाची तिथी, असे तिन्ही मुद्दे मांडले. मला विरोधाची अपेक्षा होती; पुढील पत्राचा मसुदाही तयार होता. सरपंचांचा थेट दूरध्वनी आला.

“मामा, पत्र भेटलं. एवढं लांबलचक कशाला लिवलंत? सांगावा धाडला असता तरी आयकलं असतं. लगीन होवस्तर कोणी राब लावणार नाय. या तुमी.”

भांडण्यासाठी जमविलेला माझा सगळा दारूगोळा तसाच राहिला.

निखारे

लग्नाच्या सकाळी आम्ही जीपने निघालो. मी पुढे, मालती आणि दामू मागे. यंत्र दामूच्या मांडीवर. किन्हवलीला गाडी थांबली तेव्हा तो उतरून टपरीमागे गेला आणि प्रसन्न होऊन परत आला. गाडी सुटली, सुमनच्या गावच्या शिवेत शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या शेतांत कुठेही धूर दिसेना. मी दीर्घ श्वास घेण्याचा प्रयत्न केला. दीर्घ म्हणजे माझ्या मानाने.

सुमनच्या दारात उतरलो. मंडप भरला होता. सुमनच्या सासूबाई, वाळक्या अंगाच्या पण खणखणीत आवाजाच्या, पुढे आल्या आणि माझी नळी पाहून त्यांनी गालावर हात मारला.

“आगं बया! केवढी नजर लागली गो माझ्या लेकाला! थांब रे बाबा, उंबऱ्यात पाय नको ठेवू.”

त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या होत्या, दुसऱ्या हातात चुलीतल्या निखाऱ्यांनी भरलेले लोखंडी घमेले. दृष्ट काढायची होती. मी हात पुढे करून म्हणालो, “आई, हा प्राणवायू आहे, विस्तव—”

“बोलायचं नाय मधी!” त्या गरजल्या. दृष्ट काढताना बोललेले चालत नाही, हे मलाही ठाऊक आहे. चारी बाजूंनी बायका म्हणाल्या, “गप ऱ्हा मामा, गप ऱ्हा.” सबंध गावातील धूर मी पत्राने थांबविला होता, आणि माझ्या तोंडासमोर हातभर अंतरावर, मायेने, निखारे धगधगत होते.

म्हातारीने डोक्यापासून पायापर्यंत मूठ ओवाळली आणि ती घमेल्यात सोडायला हात उचलला, तोच दामू मध्ये घुसला. एका हाताने त्याने यंत्र बंद केले, दुसऱ्याने माझी नळी ओढून काढली आणि खांद्याने मला मागे रेटले. मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या. नळीला धग लागली नाही. पण त्या धुराचे काय करणार?

सगळा मंडप ठसकला. मी तर वाकलो तो वाकलोच. खोकला येत होता आणि त्याला लागणारी हवा येत नव्हती. मालतीचा आवाज आला, “पंखा! पंखा आणा कोणीतरी!” दामूने मला काखेत धरून घरामागच्या पडवीत नेले. एवढ्या गोंधळात म्हातारी समाधानाने सर्वांना सांगत होती, “बगा, सगळ्यांना ठसका लागला. म्हंजी नजर काय मोठी नव्हती.”

थोरल्याचा मान

पडवीत धूर नव्हता. दामूने यंत्र पुन्हा लावले. मी खाटेच्या कडेला बसून, मांडीवरच्या उशीवर हात टेकून पुढे वाकलो. मालतीने पंखा तोंडावर धरला. फुंकर, पुन्हा फुंकर. बोटावरचा आकडा सावकाश वर आला. बसायला तो पुरेसा होता, चालायला नव्हता.

मग ध्वनिक्षेपक खरखरला. “नवरी मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावे.”

दारात दामू उभा राहिला. त्याला कोणीतरी फेटा बांधला होता. तो त्याला शोभत होता, आणि तेही मला सहन झाले नाही.

“दादा, जमंल?”

मी मान हलवली. नाही.

“मग मी जाऊ?”

माझ्यापाशी जेवढा श्वास होता तेवढा मी खर्च केला. “मान... थोरल्याचा आहे.”

मालती म्हणाली, “अहो, आता तरी—” दामूने तिला हाताने थांबवले आणि तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

“तुझाच हाये. कोण नाय म्हनतो? पन तू कोर्टात व्हतास, तर मला एक सांग. मामानं नवरीला मंडपात आणायची. कुठून आणायची, ते कुठं लिवलंय का?”

“घरातून.”

“लिवलंय का?”

मी विचार केला. रूढी या मुद्द्यावर खरोखरच मूक होती. “स्पष्ट... उल्लेख... नाही.”

“मंग झालं. मंडपाच्या दाराशी खुर्ची ठेवतो. तू तिथं बस. पोरगी तुझ्यापाशी येल. तिथून पुढं तू आण.”

“घरापासून खुर्चीपर्यंत... कोण आणणार तिला?” मी संशयाने विचारले.

“तिची ती येल! बीएस्सी झालीय. तेवढं चालंल एकटी.”

त्यांनी मला खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलले. एका बाजूला जीपचा चालक, दुसऱ्या बाजूला दामू. दामूचे तोंड माझ्या कानाशी आले. घराला वळसा घालून मंडपाच्या दारापर्यंत त्याचा श्वास मी ऐकत होतो. संथ, भरलेला, कुठेही न अडखळणारा. मला उचलून चालतानाही त्याचा श्वास माझ्या बसल्याजागीच्या श्वासापेक्षा सावकाश चालला होता. त्या घटकेला मला जितका हेवा वाटला तितका निदानाच्या दिवशीही वाटला नव्हता. आणि मी त्याच्या मानेभोवती हात घट्ट धरून ठेवला होता.

प्रणाली आली. मुंडावळ्यांतून तिने माझ्याकडे पाहिले आणि हात पुढे केला. “मोठेमामा, घाई नाय. मला पण या साडीत भराभर नाय चालता येत.”

मी उठलो. भटजी घड्याळ पाहू लागले. मागून यंत्र खांद्याला लावून येणारा दामू म्हणाला, “भटजी, घड्याळाकडं नका बघू. बाकीच्या लग्नांत जेवढी पळापळ करता तेवढी इथं नको.” मंडप हसला. हात धरून, मध्ये एकदा थांबून, मी माझ्या भाचीला अंतरपाटापर्यंत नेले. मंगलाष्टके संपेपर्यंत मी तिच्या पाठीशी होतो. उभा नव्हे, खुर्चीवर. पण पाठीशी होतो. अक्षता मी स्वतः टाकल्या.

वरात

ज्यांना हा आजार नव्याने झाला आहे त्यांना माझे सांगणे एवढेच. तुम्हाला हेवा वाटेल. जिने चढणाऱ्यांचा, हसता हसता बोलणाऱ्यांचा, घोरणाऱ्यांचा, आणि सर्वांत अधिक आपल्या माणसांचा. त्याची लाज बाळगू नका. परंतु तो लपवून दुसऱ्याच कशाच्या तरी नावाने भांडूही नका. घरच्यांना खरे कारण आधीच कळलेले असते. आणि प्रवासास जा. विस्तवाची ताकीद केवळ सोबत्याला नव्हे, तर जेथे जाणार त्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईलाही आधीच देऊन ठेवा.

संध्याकाळी वरात निघाली. बँजो सुरू झाला आणि दामू नाचू लागला. फेटा सुटला तरी नाचत होता. तरुण मुले थकून कडेला झाली तरी नाचत होता. मी ओट्यावर खुर्चीत बसून पाहत होतो आणि मनातून जळत होतो; ते येथे नाकारीत नाही. रस्त्याच्या वळणावरून त्याने वळून पाहिले, वरात सोडली आणि तो माझ्यापाशी आला. बॅटरीचा दिवा वाकून बघितला.

“चालतंय ना रे, दादा?”

“चालतंय. बस जरा.”

“दमलो नाय मी.”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो. “तरी बस.”

तो बसला.